काळी माती, कुंडी आणि धानाचा कोंडा: एका गावरान रोपवाटिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

उमरेडहून भिवापूर आणि पुढे पवनीकडे निघालं की वावरांचं रूप बदलत जातं. कापूस, सोयाबीन, तूर विरळ होतात आणि धानाच्या बांध्या दिसू लागतात. या दोन्हींच्या सीमेवर असलेल्या एका गावातलं हे प्रकरण आहे. गावाचं, गटाचं आणि माणसांचं नाव मी घेत नाही. बाकी जे घडलं ते तसंच मांडते आहे.

११ बायकांचा बचत गट. त्यांनी गावठाणाला लागून असलेल्या मोकळ्या जागेत हिरवी जाळी बांधून कुंड्यांची रोपवाटिका सुरू केली. तुळस, मोगरा, कढीपत्ता, गुलाब, थोडी कोरफड, थोडं अडेनियम. तालुक्याच्या आठवडी बाजारात विक्री. आषाढीच्या आधी आणि तुळशीच्या लग्नाच्या सुमारास तुळशीला चांगली मागणी असते, त्यामुळे पावसाळ्यात माल तयार हवा हे त्यांचं गणित होतं आणि ते बरोबरच होतं.

कुंडी भरायचं प्रमाण एका प्रशिक्षणात मिळालेलं: दोन टोपली माती, एक टोपलं शेणखत. माती वावरातली. ती कन्हार, म्हणजे आमच्याकडची सगळ्यात भारी काळी माती. ओली असताना चपलेला किलोभर चिकटते आणि वाळली की भेगांत हात जातो. "सोनं आहे ही माती," असं गटाच्या अध्यक्ष काकू मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. वावरासाठी ते शंभर टक्के खरं आहे. कुंडीसाठी ते खरं नाही, हे कळायला आम्हा सगळ्यांना दीड वर्ष लागलं.

मी उद्यानविद्या शिकले आहे आणि या भागातल्या लहान रोपवाटिकांसोबत काम करते. मला फोन आला तो पोळ्याच्या आठवडाभर आधी.

अडचण काय होती

४२० कुंड्यांपैकी दीडशेच्या आसपास झाडं तोवर गेली होती आणि रोज दोन-चार जात होती. सगळ्यांचं मरण एकसारखं. खालची पानं पिवळी, मग शेंडा लवलेला, मग एका दुपारी झाडानं मान टाकलेली. पाण्यावाचून सुकल्यासारखं ते दिसायचं, म्हणून बायका आणखी पाणी द्यायच्या.

"पानी त रोज टाकतो ना ताई," काकू म्हणाल्या, "तरी पाहा कशी मान टाकून रायली."

मी एक मोगरा कुंडीतून उपटायला सांगितला. कुंडी आडवी करून तिच्या बुडावर दोन थापा मारल्या तरी माती सुटेना. शेवटी कुंडी कापावी लागली. आतला गोळा पाहण्यासारखा होता. वरची दोन बोटं माती कोरडी, तडकलेली, कुंडीच्या भिंतीपासून सुटलेली. मधला भाग ओला. खालची चार बोटं काळीही नव्हती, निळसर राखाडी होती आणि तिला कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत दोऱ्यासारखी पांढरी तार उरली. मूळ जिवंत असेल तर असं होत नाही.

वास आला तेव्हा सगळ्या जवळ आल्या. एकीनं विचारलं, "म्हनजे पान्यानंच मेलं?" पाण्यानं नाही, हवेवाचून मेलं, असं मी सांगितलं. मुळांना श्वास घ्यायला प्राणवायू लागतो. मातीच्या पोकळ्या पाण्यानं भरलेल्याच राहिल्या तर मूळ गुदमरतं, आणि गुदमरलेलं मूळ पाण्यात उभं असूनही पाणी ओढू शकत नाही. म्हणून झाड तहानलेलं दिसतं. त्यावर आपण आणखी पाणी देतो. मग मूळकूज करणाऱ्या बुरशीला हवं ते सगळं मिळतं.

वरच्या भेगांची फसवणूक तर आणखी वेगळी. काळी माती वाळली की आकसते आणि कुंडीच्या काठापासून सुटते. पाणी टाकलं की ते त्या फटीतून सरळ खाली जातं आणि भोकातून बाहेर येतं. बघणाऱ्याला वाटतं, निचरा झकास आहे. प्रत्यक्षात गोळ्याचा मधला भाग कोरडा आणि तळ चिखल, अशी दोन्ही दुखणी एकाच कुंडीत नांदत असतात.

पहिला निर्णय: रेती आणि खडे

इथं मी घाई केली. "मातीत तिसरा हिस्सा रेती मिसळा आणि बुडाशी दोन बोटं गिट्टीचा थर द्या," असं सांगून मी परतले. हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की मीही तो तपासून पाहिला नव्हता. गटानं घरकुलाच्या बांधकामातून उरलेली वैनगंगेची रेती मिळवली, १०० कुंड्या नव्यानं भरल्या, आणि दिवाळीपर्यंत त्यातली जवळजवळ निम्मी झाडं गेली. जुन्या मिश्रणापेक्षाही वाईट.

मी पुन्हा गेले तेव्हा गावातले वीटभट्टीवाले भाऊ तिथं बसलेले होते. रेतीचं ऐकून ते सहज बोलून गेले, "मातीत थोडी रेती घातली का गारा पक्का होते ना. विटेले तेच त करतो आमी." आयुष्यभर चिखल तुडवलेला माणूस तो. त्याच्या त्या एका वाक्यात माझ्या सल्ल्यातली चूक होती.

चिकणमातीचे कण अतिशय बारीक असतात. त्यात थोडी रेती मिसळली तर रेतीचा प्रत्येक कण चिकणमातीत बुडून जातो. रेतीला रेती टेकतच नाही, मग पोकळी तयार होणार कशी? उलट जिथं आधी मातीची पोकळ ढेकळं होती तिथं आता घट्ट भरीव दाणा बसला. रेतीचा उपयोग व्हायला ती निम्म्याहून बरीच जास्त असावी लागते, आणि तेव्हा ते मिश्रण मातीचं राहत नाही, रेतीचं होतं. शिवाय बांधकामाची रेती मिश्र कणांची असते. बारीक कण जाड कणांच्या मधल्या जागा भरून टाकतात.

गिट्टीच्या थराचंही तसंच. बारीक पोकळीतलं पाणी मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण तुडुंब होईपर्यंत ते गिट्टीत जातच नाही. म्हणजे तळाचा चिखलाचा पट्टा तेवढाच राहतो, फक्त दोन बोटं वर सरकतो, आणि मुळांना उरलेली जागा तेवढीच कमी होते.

हे बोलून पटेना, म्हणून काकूंच्या घरचा भांडी घासायचा जाड स्पंज मागवला. तो भिजवून आडवा धरला. पाणी ठिबकून थांबलं. मग न पिळता तोच उभा केला. पुन्हा धार लागली. स्पंज तोच, भोकं तीच. उंची वाढली तशी वरच्या भागातलं पाणी सुटलं. पण खालच्या कडेला ओला पट्टा राहिलाच. कुंडीत नेमकं हेच होतं. वावरात खाली कित्येक हात माती असते, ती वरचं पाणी ओढून घेते. आठ इंची कुंडीत खाली ओढणारं काही नसतं, म्हणून तळाशी भिजलेला पट्टा कायम राहतो. त्याची उंची ठरते ती मिश्रणाच्या कणांवर. कण बारीक असतील तर पट्टा उंच, जाड असतील तर ठेंगणा. आमच्या काळ्या मातीत तो जवळपास अख्ख्या कुंडीएवढा होता.

मोजायचं कसं

पुढचा सल्ला देण्याआधी मोजायचं असं मी ठरवलं. या प्रकरणातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा निर्णय हाच, आणि त्याला खर्च काहीच आला नाही.

गोड्या तेलाची एक लिटरपेक्षा मोठी बाटली वरून कापली. बुडाला खिळ्यानं सहा भोकं पाडून ती बाहेरून चिकटपट्टीनं बंद केली. आत मोजून एक लिटर मिश्रण भरलं, बाटली जमिनीवर तीनदा आपटली, बसलेली जागा पुन्हा भरली. मग वरून हळूहळू पाणी सोडलं, पृष्ठभागावर पाणी चमकेपर्यंत. रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी थोडं पाणी पुन्हा वाढवलं, कारण सुकं मिश्रण लगेच पूर्ण भिजत नाही. शेवटी खाली वाटी धरून चिकटपट्टी काढली. जेवढं पाणी वाटीत आलं तेवढी हवा आता बाटलीत शिरली. एक लिटर मिश्रणातून १०० मिली पाणी निघालं तर हवेची जागा १० टक्के. कुंडीतल्या बहुतेक झाडांना ही जागा १० ते २० टक्क्यांच्या दरम्यान लागते. अडेनियम, कोरफड अशांना त्याहून जास्त चालते.

औषधाच्या मापानं मोजमाप झालं. माती आणि शेणखताचं जुनं मिश्रण: ४० मिली. माझ्या सल्ल्याचं, रेती मिसळलेलं: ३० मिली. ओट्यावर बसलेल्या बायकांनी तो आकडा पाहिला आणि कोणी काही बोललं नाही. मीच म्हणाले की ही चूक माझी आहे आणि त्या १०० कुंड्यांचं नुकसान मी भरून देते. काकूंनी पैसे घेतले नाहीत. "आता बरोबर सांग म्हनजे झालं," एवढंच म्हणाल्या.

समोर असलेले पर्याय

पुढच्या पावसाळ्यासाठी ६०० कुंड्या भरायच्या होत्या. एका कुंडीत साधारण ४ लिटर, म्हणजे एकूण २४०० लिटर मिश्रण. हा आकडा समोर ठेवल्यावर अर्धे पर्याय आपोआप गळाले.

पर्लाईट हा पुस्तकातला पहिला पर्याय. ज्वालामुखीय काच तापवून फुलवलेले ते पांढरे, वजनाला नगण्य दाणे. काम उत्तम करतात, कुजत नाहीत. पण तिसरा हिस्सा धरला तरी ८०० लिटर लागणार होतं, आणि आमच्याकडे ते शहरातून लहान लहान पिशव्यांत येतं. एका कुंडीचा खर्च तिच्या विक्रीच्या किमतीला भिडत होता. चिमूटभर पर्लाईट घालून समाधान मानणं हा मार्ग काही जण धरतात, पण त्याची गत रेतीसारखीच: चिकणमातीत बुडालेला दाणा हवा देत नाही.

कोकोपीट. नारळाचा हा भुगा स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊ पट पाणी धरतो. उन्हाळ्यात त्याचं मोल आहे, पण आमचं दुखणं जास्त पाण्याचं होतं. शिवाय स्वस्त विटांमध्ये मीठ असतं. दोन-तीनदा धुवावं लागतं. व्हर्मिक्युलाईट, म्हणजे तापवून फुलवलेलं अभ्रकासारखं खनिज, तेही असंच, पाणी धरणारं.

जिप्समचं नाव गटातल्या एका ताईंनी काढलं. त्यांचं माहेर अकोल्याकडे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, आणि तिथं वडिलांनी वावरात जिप्सम टाकलेलं त्यांनी पाहिलं होतं. तिथं ते योग्यच आहे, कारण त्या चोपण जमिनीत सोडियम जास्त असतं आणि जिप्सममधलं कॅल्शियम त्याची जागा घेतं. आमच्या कन्हारीत कॅल्शियम आधीच भरपूर, चुनखडीचे खडे डोळ्यांना दिसतात. तिथं जिप्समनं फरक पडणार नव्हता.

औष्णिक वीज केंद्राची राख फुकट मिळेल असं कोणीतरी सुचवलं. ती पिठासारखी बारीक असते; पोकळ्या करण्याऐवजी बुजवते. हा पर्याय मी लगेच नाकारला.

मुरूम गावातच होता. चाळून मातकट भाग काढला तर वाईट नाही, पण जड. आणि वजन हा इथं छोटा मुद्दा नव्हता. बायका कुंड्या काळीपिवळी जीपच्या टपावर चढवून बाजारात न्यायच्या. काळ्या मातीची भिजलेली कुंडी पावणेसात किलोच्या घरात जायची.

राहिले दोन. वीटभट्टीवरचे फुटके रोडे, जे भाऊंनी न मागता देऊ केले. आणि धानाचा कोंडा, म्हणजे तूस, तांदळावरचं टरफल. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूरच्या धानपट्ट्यात राईस मिलच्या मागे त्याचे ढीग असतात. हल्ली तो फुकट मिळत नाही, कारण मिलवालेच धान उकडायला भट्टीत जाळतात किंवा जळणासाठी विकतात. तरी एक ट्रॅक्टर-ट्रॉली आमच्या ६०० कुंड्यांना पुरून उरणार होती आणि तिचा भाव गटाला झेपणारा होता.

कोंडा कच्चा की जाळलेला

खरा वाद इथं झाला. कच्चा कोंडा हलका, जाड, होडीच्या आकाराचा. दोन होड्या एकमेकींत कधी नीट बसत नाहीत, म्हणून मध्ये हवा राहते. सिलिका भरपूर असल्यामुळे तो सावकाश कुजतो. पण कुजताना जिवाणू मिश्रणातलं नत्र खातात आणि झाड पिवळं पडतं. कच्च्या धानाचा कोंडा असेल तर त्यात राहिलेले दाणे उगवून कुंडीत धान उभं राहतं, हा त्रास वेगळाच. उकड्या तांदळाच्या मिलचा कोंडा घेतला तर तो प्रश्न राहत नाही.

जाळून कोळसा केलेला कोंडा कुजत नाही, नत्र खात नाही, हलकाच राहतो. मात्र मेहनत आहे, धूर आहे, आणि जाळल्यावर आकारमान घटतं.

गटातल्या तरुण सुनांचं मत कच्च्याकडे होतं, कारण आधीच घर आणि वावर सांभाळून हे काम. म्हाताऱ्या मावशींचं म्हणणं, "एकदाच धूर खाऊ, पन झाडं त जगतीन." शेवटी तोड निघाली: तुळस तीन-चार महिन्यांत विकली जाते, तिला कच्चा कोंडा, पण तो दोन महिने शेणाच्या काल्यात भिजवून मुरवलेला. मोगरा, कढीपत्ता, गुलाब वर्षभर कुंडीत राहणार, त्यांना जाळलेला.

आणखी एक गोष्ट मी आग्रहानं करून घेतली. ४० कुंड्या जुन्याच मिश्रणाच्या ठेवायच्या, तुलनेसाठी. हे कोणालाच आवडलं नाही. "मरायलेच ठेवायच्या का?" असा सरळ प्रश्न आला आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणाले की मागच्या वेळी मी तुलना न करता सांगितलं आणि १०० कुंड्यांतली निम्मी झाडं घालवली. त्या ४० रोपांची किंमत मी दिली, आणि या वेळी काकूंनी ती घेतली.

प्रत्यक्ष काम

कोंडा जाळण्याची रीत साधी आहे, पण नजर लागते. १५ किलोच्या तेलाच्या डब्याला चहूबाजूंनी खिळ्यानं भोकं पाडली, वर पत्र्याचं धुराडं बसवलं. डब्यात पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचे, तुकडे पेटवले आणि भोवती कोंड्याचा ढीग रचला, डबा दिसेनासा होईल असा. आग डब्यात, कोंडा बाहेर. तासाभरानं ढिगाच्या अंगावर काळे डाग उमटू लागतात, धूर पांढरा आणि जाड होतो. मग फावड्यानं खालच्या कडेचा पिवळा कोंडा वर ओढत राहायचं. सगळा ढीग काळा झाला की लगेच पसरून भरपूर पाणी मारायचं. इथं उशीर झाला तर कोळसा आतल्या आत जळत राहतो आणि पांढरी राख होते.

आमचा दुसरा ढीग असाच गेला. बाजूच्या घरी पाहुणे आले, पाणी मारायला अर्धा तास उशीर झाला, ढीग पांढरट झाला. नासवायला नको म्हणून तो तसाच कढीपत्त्याच्या कुंड्यांत वापरला. तीन आठवड्यांत कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, अशी दिसू लागली. राख अल्कधर्मी, आमची माती आधीच तशी. दोन्ही मिळून झाडाला लोह मिळेना. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस, अशी फवारणी दोनदा केली तेव्हा नवी पानं सुधारली. त्यानंतर जाळलेला कोंडा एक-दोनदा पाण्यानं धुवूनच वापरायचा हा नेम पडला.

विटांचे रोडे हातोडीनं फोडून दोन चाळण्यांतून काढले. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढे ठेवले, भुकटी टाकून दिली. ही भुकटी टाकणं फार महत्त्वाचं. तीच रेतीसारखी पोकळ्या बुजवते. हे काम सगळ्यात कंटाळवाणं होतं आणि त्यात दोघींच्या बोटांना लागलं, म्हणून पुढे हातमोजे आणले.

मिश्रण बाटलीत तपासत तपासत ठरलं. चार टोपली कोंडा, दोन टोपली वीटखडे, दोन टोपली गांडूळखत, दोन टोपली कन्हार माती. या मिश्रणातून १६० मिली पाणी निघालं. माती तीन टोपली केली की आकडा ११० वर यायचा, चार केली की ७० वर. माती पूर्ण काढून टाकावी असं मला वाटत होतं, पण काकू हटून बसल्या आणि त्या बरोबर होत्या: तेवढी माती अन्नद्रव्यं आणि ओल धरते, नाहीतर आमच्या उन्हात ही कुंडी अर्ध्या दिवसात कोरडी झाली असती. अडेनियम आणि कोरफडीला मातीचं एक टोपलं काढून तिथं वीटखड्यांचं एक वाढवलं.

बुडाला गिट्टी नाही, फक्त भोकावर जाळीचा तुकडा. आणि सगळ्या कुंड्या दोन-दोन विटांवर ठेवल्या. आधी त्या थेट काळ्या जमिनीवर होत्या. पहिल्या पावसात जमीन फुगायची आणि खालून भोकं लिंपून टाकायची. मी पहिल्या भेटीत तिथंच उभी होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

निकाल

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. जुलैत सलग नऊ दिवस झड होती. सप्टेंबरअखेर मोजणी केली. जुन्या मिश्रणाच्या ४० कुंड्यांपैकी १७ झाडं गेली. नव्या मिश्रणाच्या ५६० पैकी ३१. त्या ३१ मध्ये गुलाब १९ होते आणि त्यातल्या बहुतेकांची कलमंच कमजोर आली होती, असा माझा अंदाज आहे. या ४० कुंड्याही विटांवरच होत्या, म्हणून हा फरक मिश्रणाचा मानता येतो.

भिजलेल्या कुंडीचं वजन साडेचार किलोच्या आत आलं. एका फेरीत जास्त कुंड्या जाऊ लागल्या. बायकांना झाडांच्या जगण्याइतकाच हा फायदा मोठा वाटला, आणि मी तो आधी धरलाच नव्हता.

उन्हाळा मात्र कठीण गेला. पारा ४५ अंशांच्या वर गेला तेव्हा मोगऱ्याला दिवसातून दोनदा पाणी लागू लागलं, आणि गावात नळाला पाणी दिवसाआड. जे मिश्रण झडीत तारतं तेच मे महिन्यात हात दाखवतं. तेव्हा मोगऱ्याच्या कुंड्यांत वरून धुतलेलं कोकोपीट आणि कुटाराचं, म्हणजे मळणीच्या भुशाचं, आच्छादन घातलं, कुंड्या जाळीच्या आत एकमेकींना खेटून ठेवल्या. तरी काही शेंडे जळलेच.

कच्चा कोंडा घातलेल्या, पण विकल्या न गेलेल्या तुळशींची माती वर्षभरात तीन बोटं खाली बसली. कोंडा कुजला की हवाही जाते. अशी कुंडी दुसऱ्या पावसाळ्याला तशीच नेता येत नाही.

बाजारात एक अडचण आली जिचा विचार कोणीच केला नव्हता. गिऱ्हाईक कुंडीत बोट घालून विचारायचं, "काळी माती नाही का यात? हे काय कोंडा भरला?" पहिल्या दोन बाजारांत याच कारणानं कुंड्या परत आल्या. मग एका ताईंनी मेलेल्या मोगऱ्याची कापलेली कुंडी, तो निळसर गोळा, सोबत न्यायला सुरुवात केली आणि शेजारी नव्या मिश्रणातलं पांढऱ्या मुळांचं रोप उपटून ठेवलं. लोक थांबून पाहायचे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या भेटीतच बाटलीची तपासणी केली असती तर त्या १०० कुंड्यांत गेलेली झाडं वाचली असती. त्याला एक रात्र लागते. एवढी घाई कशालाच नव्हती.

कुंड्या विटांवर ठेवणं हा बिनपैशाचा उपाय पहिल्या दिवशी व्हायला हवा होता. मिश्रण बदलल्याशिवाय त्यानं सगळं सावरलं नसतं, पण पोळ्यानंतर गेलेली काही झाडं तरी वाचली असती असं मला आजही वाटतं.

मेलेल्या झाडांची माती आम्ही सुरुवातीला दुसऱ्या ढिगात मिसळली. कूज करणारी बुरशी तीतून पुढे गेली असणार. आता अशी माती एप्रिल-मे महिन्यात ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार-सहा आठवडे तापवतो. विदर्भाचं ऊन या कामाला फार उपयोगी पडतं.

पांढरा झालेला ढीग फेकायला हवा होता. ट्रॉलीभर मालातला एक ढीग वाचवायला गेलो आणि ८० कढीपत्ते महिनाभर पिवळे राहिले.

आणि सगळ्या झाडांना एकच मिश्रण ही आमची सोय होती, झाडांची नव्हे. गुलाबाला भारी माती थोडी जास्त सोसते आणि ती त्याला आवडतेही. त्याला तीन टोपली मातीचं, ११० मिलीचं मिश्रण दिलं असतं तर उन्हाळा सोपा गेला असता. यंदा गटानं गुलाबाच्या ६० कुंड्या तशा भरल्या आहेत, आणि २० मागच्या वर्षीच्या प्रमाणाच्या. तुलनेसाठी त्या २० या वेळी मी न सांगता ठेवल्या गेल्या.

कापलेली तेलाची बाटली ओट्याच्या कोनाड्यात उलटी ठेवलेली असते. मागच्या महिन्यात मिलवरून नवी ट्रॉली आली तेव्हा काकूंनी ती रिकामी करू दिली नाही. आधी एक लिटर कोंडा मागून घेतला, मिश्रण करून रात्रभर भिजवलं, आणि सकाळी १४० चा आकडा पाहून ट्रॅक्टरवाल्याला फोन केला.